पेरिस खोऱ्यातील अदब

लॉस एंजेलिसच्या अफाट वस्तीतून आग्नेय दिशेस निघालेला हमरस्ता रिव्हरसाइड शहर मागे टाकून दक्षिणेकडे वळला, म्हणजे पिंगट, रुक्ष टेकड्यांनी वेढलेले एक रुंद, सखल खोरे लागते आणि त्या खोऱ्यात पेरिस नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात येथून लोहमार्ग नेणारे मुख्य अभियंते फ्रेड पेरिस यांचे नाव धारण करणाऱ्या या गावात जुन्या ट्रामगाड्यांचे आणि आगगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे, उत्तरेस मार्च येथे हवाई दलाचा जुना तळ आहे, पूर्वेच्या क्षितिजावर सॅन हसिंतो पर्वताची रांग उभी आहे, आणि गावाच्या दक्षिण अंगास एक खाजगी विमानतळ आहे, ज्याचे नाव विमानातून उड्या घेणाऱ्या लोकांत जगभर आदराने घेतले जाते. पर्जन्य अल्प आणि आकाश बहुतेक दिवस निरभ्र. त्यामुळे या क्रीडेस येथे वर्षाचे बाराही महिने मोकळीक असते.

माझी पुतणी आयर्व्हाइन येथे अभियंता आहे. आठवडाभर कचेरीत काम करावयाचे आणि शनिवार-रविवार या विमानतळावर घालवावयाचा, असा तिचा क्रम आहे. चौघांच्या एका संघाची ती पाचवी सभासद असून तिच्याकडे काम आहे ते छायाचित्रणाचे. पुण्यास तिच्या आईवडिलांच्या मनात या छंदाविषयी जी काळजी ठाण मांडून बसली होती ती शब्दांनी दूर होण्यासारखी नव्हती. तथापि मी अमेरिकेस निघालो तेव्हा माझ्या भावाने एवढेच सांगितले की, तू एकदा तेथे जाऊन सारे नीट पाहून ये आणि जे असेल ते मला सांग. भावाच्या शब्दाखातर मी गेलो. परंतु पहिल्या दिवशी माध्यान्ह होण्यापूर्वीच माझी जिज्ञासा त्याच्या काळजीपासून स्वतंत्र झाली, कारण जिवावर उदार झालेल्या बेफिकीर मंडळींचे जे चित्र मी मनाशी रंगवून आलो होतो त्याचा मागमूसही तेथे नव्हता, आणि त्याच्या जागी दिसली ती एक अत्यंत काटेकोर अदब, जिच्यातील प्रत्येक रिवाजाच्या मुळाशी एखादा धागा, एखादी पिन किंवा वाऱ्याचा एखादा नियम असतो.

विमाने जेथे उभी राहतात तेथे न जाता पुतणीने मला प्रथम नेले ते छत्र्यांच्या घड्या घालण्याच्या जागेत. छप्पर असलेल्या त्या प्रशस्त ओट्यावर जाड बिछायत होती आणि तीवर ठिकठिकाणी स्त्रीपुरुष गुडघ्यांवर बसून नायलॉनच्या निसटत्या, गुळगुळीत, भडक रंगांच्या कापडाशी शांतपणे झटत होते. घडी घालणारा प्रथम दोऱ्या तपासून सरळ करतो, छत्रीच्या पुढल्या कडेवरील कप्प्यांची तोंडे एकत्र आणतो, कापडाचे पदर दोऱ्यांच्या मधून बाहेर काढून नीट लावतो, स्लायडर नावाचा चौकोनी तुकडा दोऱ्यांवरून वर सरकवून छत्रीच्या मुळाशी बसवितो, मागची कड सर्वांभोवती गुंडाळतो, ते सारे जमिनीवर निजवून अंगाच्या भाराने त्यातील हवा काढतो आणि उलटसुलट वळ्या घालून पिशवीत बसवितो. मग उरलेल्या दोऱ्या जुडीजुडीने रबरबँडांत अडकवीत जातो. स्लायडरचे प्रयोजन मला विशेष वाटले. ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने पडणाऱ्या माणसाची छत्री एका झटक्यात उघडली तर त्या हिसक्याने शरीरास गंभीर इजा होईल. हा तुकडा वाऱ्याच्या दाबास विरोध करीत दोऱ्यांवरून हळूहळू खाली उतरतो आणि उघडण्याची क्रिया मोजके क्षण लांबवितो. त्या मोजक्या क्षणांवर सारा खेळ उभा आहे.

हवाई छत्री म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे अजूनही घुमटाकार आकृती येते. आंद्रे-जाक गार्नरँ हा फ्रेंच गृहस्थ २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या मोंसो उद्यानावर बलूनातून तशाच छत्रीने उतरला, आणि तिच्या माथ्यावर हवा निघून जाण्यास छिद्र नसल्यामुळे खालची पाटी भयंकर झोके घेत खाली आली. आजची छत्री घुमट नव्हे, पंख आहे. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० नंतरच्या दशकात अशी रचना सिद्ध केली की, कापडाचे दोन थर एकावर एक असावेत, त्यांच्या मध्ये उभ्या पडद्यांनी कप्पे पडावेत, पुढच्या बाजूची तोंडे उघडी असावीत, आणि गतीमुळे आत शिरलेल्या हवेनेच तो पंख ताठ राहावा. त्यामुळे छत्रीधारी मनुष्य केवळ खाली येत नाही. तो पुढे जातो, वळतो, वाऱ्यास सामोरा जातो आणि जमीन जवळ येताच दोन्ही हातांतील दोर खाली ओढून आपली गती जवळजवळ शून्यावर आणतो.

पाठीवरील त्या आटोपशीर गाठोड्यात, ज्यास ही मंडळी रिग म्हणतात, छत्र्या दोन असतात: खाली मुख्य आणि वर राखीव. मुख्य छत्री बिघडली तर तिला आधी सोडून द्यावे लागते, कारण फडफडणाऱ्या छत्रीत दुसरी उघडणे म्हणजे दोन्ही गुंतविणे. हे सोडणे पूर्वी किती अवघड होते याची कल्पना, आता ते किती सोपे झाले आहे हे पाहिल्यावर येते. १९७० नंतरच्या दशकात बिल बूथ यांनी शोधून काढलेली तीन कड्यांची युक्ती पुतणीने मला हातात धरून दाखविली. खांद्याजवळच्या पट्ट्यावर एक मोठे कडे, त्यातून ओवून परत वळविलेले मधले कडे, त्यातून तसेच ओवलेले लहान कडे, लहान कड्यावर दोरीचा एक बारीक फास, आणि त्या फासातून गेलेली पिवळी, गुळगुळीत तार. प्रत्येक कडे तरफेचे काम करून भार पुढच्या कड्याकडे कैक पटींनी कमी करून पाठविते, इतका की संपूर्ण शरीराचे ओझे पेलणारी ती साखळी अखेर त्या क्षुद्र फासापाशी बोटाच्या बळात मावते. उजव्या छातीवरील मूठ ओढली की तार निघते, तिन्ही कडी एकापाठोपाठ उलगडतात आणि मुख्य छत्री निघून जाते. मग डावी मूठ ओढावयाची ती राखीव छत्रीसाठी. यात एकही स्प्रिंग नाही, एकही खटका नाही. उपयुक्त वस्तूला जे सौंदर्य असते ते याहून निर्मळ स्वरूपात मी क्वचितच पाहिले आहे.

राखीव छत्रीची घडी मात्र कोणी कशीही घालू शकत नाही. अमेरिकन सरकारच्या विमान वाहतूक खात्याची सनद असलेला रिगरच ती घालतो, दर १८० दिवसांनी ती उघडून, हवा देऊन, तपासून पुन्हा बांधतो, रिगमध्ये ठेवलेल्या पत्रकावर तारीख घालून सही करतो आणि गाठोडे बंद ठेवणाऱ्या पिनेशी तांबड्या धाग्यावर शिशाची मोहर ठोकतो, जिच्यावर त्याचे स्वतःचे चिन्ह असते. मुदत संपली की ती रिग घेऊन विमानात बसता येत नाही, मग तिचा मालक कितीही निष्णात असो. शेजारीच एका काचेच्या पेटीत सिप्रेस नावाचे छोटे यंत्र ठेवले होते. जर्मनीतील हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ साली प्रचारात आणलेले हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत असते, आणि अनुभवी माणसांसाठी जुळविलेल्या त्याच्या प्रकारात सुमारे ७५० फुटांवरही जर शरीर छत्रीविना पडण्याच्या वेगाने खाली जात असेल, तर ते राखीव छत्री बंद ठेवणारा फास आपण होऊन कापून टाकते. मनुष्य बेशुद्ध झाला, त्याला उंचीचे भान राहिले नाही, तरी त्याच्यासाठी जागे राहणारे कोणीतरी पाठीवर आहे. या यंत्राने वाचविलेल्या लोकांना त्यांच्या मुलाबाळांसह एका जागी उभे केले तर एखादे गाव वसेल, असे मला वाटून गेले.

तथापि याच बूथ यांच्या नावावर एक कटू सिद्धांतही या क्षेत्रात रूढ आहे: साधने जितकी निर्धोक होत जातील तितकी माणसे अधिक धोका पत्करतील, आणि मृत्यूंचे प्रमाण होते तेथेच राहील. त्याचा प्रत्यय पुढे मैदानावर आला. पूर्णपणे सुस्थितीत उघडलेल्या छत्रीखाली असताना, केवळ जमिनीवरून वेगाने सरपटत उतरण्याच्या हौसेने अगदी खाली तीव्र वळण घेऊन, किती अनुभवी लोकांनी हातपाय आणि प्राण गमावले आहेत हे ज्येष्ठ मंडळी अतिशय गंभीरपणे सांगतात. म्हणूनच साधनांचे वर्णन येथे संपत नाही. साधनांनी जे करता येत नाही ते करण्यासाठी रिवाज आहेत.

त्या ओट्यावर पसरलेली छत्री किंवा तिच्या दोऱ्या कोणीही ओलांडत नाही. वाट कितीही लांबली तरी वळसा घालतात. सहा-सात वर्षांचा एक मुलगा धावत आला तेव्हा घडी घालणाऱ्या एका वृद्ध बाईंनी हात आडवा धरून त्याला थांबविले, खाली बसविले आणि बुटाच्या नाडीचे टोक दोरीत कसे अडकते ते त्याला समजावून सांगितले. त्याला कोणी रागावले नाही, पण तो पुढे गेला तो वळसा घालूनच. दुसऱ्याच्या रिगला विचारल्यावाचून हात लावावयाचा नाही, मदतीच्या हेतूनेही नाही. कारण तपासून ठेवलेल्या वस्तूस परका हात लागला की ती तपासणी रद्द होते. उलटपक्षी, कोणी 'माझी पिन पाहता का?' असे म्हटले तर हातातील संभाषण, खाणे, सारे बाजूला ठेवून ते काम करावयाचे. जगन्मान्य विक्रमवीर असो वा कालचा शिकाऊ असो, ही विनंती कोणीही कोणासही करतो आणि कोणासही नकार मिळत नाही. एखाद्याच्या पट्ट्याचे टोक लोंबताना दिसले आणि आपण संकोचाने गप्प राहिलो, तर तो संकोच येथे सभ्यतेत जमा होत नाही. तो अपराध मानला जातो. आपल्याकडे ज्येष्ठांच्या चुका दाखविणे उद्धटपणात मोडते, आणि त्या सवयीची किंमत आपण किती कारखान्यांत, किती रुग्णालयांत आणि किती कचेऱ्यांत मोजतो याचा विचार त्या ओट्यावर माझ्या मनातून हलेना.

उडी मारण्याचा माझा विचार नव्हता. विमानातून वर जाऊन विमानातूनच परत येण्याची मुभा मी मागितली. ती मिळाली ती अटींसह. आणीबाणीची छत्री पाठीवर बांधली पाहिजे, ती कशी उघडावयाची हे शिकले पाहिजे, आणि वैमानिकाने हुकूम केला तर प्रश्न न विचारता बाहेर पडले पाहिजे. मॅनिफेस्ट म्हणजे जेथे प्रत्येक फेरीतील माणसांची नोंद होते त्या खिडकीवर माझे नाव चढले, ध्वनिक्षेपकावरून वीस मिनिटांचा, मग दहा मिनिटांचा पुकारा झाला, आणि आम्ही रांगेने ट्विन ऑटर विमानाकडे निघालो. विमानाजवळ जावयाचे ते शेपटीच्या बाजूने, पंखाच्या मागून, हा नियम पुतणीने मला दोनदा सांगितला. फिरत असलेला पंखा दिसत नाही, म्हणून त्याच्या बाजूस पाऊलच टाकावयाचे नाही. दूर कडेला डीसी-९ जातीचे एक जेट उभे होते. त्याच्या शेपटीखालील जिन्यातून उड्या घेता येतात असे कळले, पण त्या दिवशी ते उडणार नव्हते.

आत बसताच कोणी न सांगता सर्वांनी पट्टे बांधले आणि शिरस्त्राणेही बांधली, कारण मोकळे शिरस्त्राण आघाताच्या वेळी दगडासारखे फेकले जाते. या शिस्तीच्या मागे याच विमानतळाचा एक शोकदायक दिवस आहे. २२ एप्रिल १९९२ रोजी याच जातीचे विमान येथून उडताच दूषित इंधनामुळे त्याचे इंजिन बंद पडले, विमान कोसळले आणि १६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर उड्या घेणाऱ्यांच्या विमानांत पट्ट्यांविषयीचा आग्रह सर्वत्र कठोर झाला. माझ्या शेजारचा तरुण त्या वर्षी जन्मलाही नसेल. तरी त्याने आपला पट्टा ओढून पाहिला आणि मग माझा.

सुमारे साडेबारा हजार फुटांपर्यंत चढण्यास पाव तासाच्या आसपास वेळ लागला. खाली खोऱ्यातील शेते, घरांच्या वसाहती आणि पेरिस सरोवराचे निळे पाणी लहान होत गेले. आत माणसे डोळे मिटून, हात हलवीत, आपापल्या रचनांची मनातल्या मनात उजळणी करू लागली. वर पोचण्यापूर्वी प्रत्येकाची पिन पुन्हा एकदा पाहिली गेली, आणि मग एक लहानसा विधी झाला: प्रत्येकाने प्रत्येकाच्या तळहातावर तळहात टेकून मुठीवर मूठ आपटली. माझ्याही.

दार उघडले की कोणी आधी बाहेर पडावयाचे याचा क्रमही खालीच, मॅनिफेस्टपाशी ठरलेला असतो, आणि तो मानपानाचा नसून वाऱ्याचा असतो. पोटावर आडवे पडून रचना करणारे गट सावकाश पडतात, म्हणून वरच्या वाऱ्यात त्यांचे वाहून जाणे अधिक. डोके खाली किंवा उभे राहून उडणारे वेगाने पडतात, त्यांचे वाहणे कमी. म्हणून आडवे पडणारे प्रथम, त्यांतही मोठे गट आधी, मग वेगवान मंडळी, मग शिकाऊ, आणि सर्वांत शेवटी शिक्षकाशी जोडून उडणारे पाहुणे. दोन गटांमध्ये किती सेकंद थांबावयाचे हे वरच्या वाऱ्यावर अवलंबून असते. समोरून जोराचा वारा असेल तर विमान जमिनीच्या मानाने हळू सरकते आणि थांबणे वाढवावे लागते. ज्याला घाई आहे तो येथे दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री उघडतो. घाईचे फळ इतक्या उघडपणे इतरत्र क्वचितच दिसते.

पुतणीचा संघ पहिला होता. हिरवा दिवा लागताच ती सर्वांआधी दारातून बाहेर सरकली आणि विमानाच्या बाहेरील अंगास असलेली मूठ धरून, पायरीवर पाय रोवून, त्या झंझावातात लटकून राहिली, कारण चौघे बाहेर पडतानाचा पहिला क्षण तिच्या काचेत आला पाहिजे. आतल्या चौघांनी एकमेकांचे हात-पट्टे पकडले, तालावर डोलले आणि गेले; त्याच निमिषाला तीही गेली. मी खिडकीस गाल लावून पाहिले तर पाच ठिपके आधीच खाली होते.

चौघांच्या स्पर्धेत पस्तीस सेकंद मोजले जातात. त्या अवधीत चिठ्ठ्यांनी ठरविलेल्या रचना क्रमाने जितक्या वेळा पूर्ण होतील तितके गुण, आणि पंच हे सारे पाहतात ते केवळ पाचव्याने घेतलेल्या चित्रणात. एखादी पकड चित्रात दिसली नाही तर ती झाली असे मानले जात नाही. चौघांचा वर्षभराचा सराव अशा रीतीने पाचव्याच्या मानेवर, अक्षरशः मानेवर, अवलंबून असतो, कारण कॅमेरा शिरस्त्राणावर बसविलेला असतो आणि उडणारा आपल्या डोक्यानेच नेम धरतो. डोळ्यापुढे काचेची लहान कडी असते. तिच्यात रचना मध्यभागी ठेवावयाची. स्थिरचित्र घ्यावयाचे तर हात मोकळे नसतात, म्हणून दातांत धरलेले बटन चावावयाचे. अंगावरच्या पोशाखास काखेपासून कमरेपर्यंत कापडी पंख असतात. ते पसरले की पडणे मंदावते, आवळले की वाढते, आणि त्यामुळे चित्रकारास संघाच्या वर, किंचित बाजूला, एकाच अंतरावर तरंगत राहता येते. तथापि फार जवळ यावयाचे नाही. पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची एक पोकळी तयार होते. तीत जो सापडला त्याचा आधार अकस्मात नाहीसा होतो आणि तो खालच्यांवर कोसळतो. उत्तम चित्र त्या पोकळीच्या अगदी काठावरून मिळते, आणि काठ दिसत नाही.

या कलेची परंपरा लहान असली तरी मोठ्या माणसांची आहे. १९६९ च्या 'द जिप्सी मॉथ्स' या चित्रपटातील आकाशदृश्ये टिपणारे कार्ल बेनिश हे व्यवसायाने अभियंते. शिरस्त्राणावर फिल्मचा अवजड कॅमेरा बांधून त्यांनी जी दृश्ये घेतली त्यांनी पुढील पिढ्यांना उडणे म्हणजे काय ते दाखविले. १९९५ च्या एक्स गेम्समध्ये पायांस फळी बांधून आकाशात लहरणारे रॉब हॅरिस यांना सुवर्णपदक मिळाले तेव्हा त्यांचे चित्रण करणारे जो जेनिंग्ज हेही त्या पदकाचे धनी झाले, कारण त्या स्पर्धेत नर्तक आणि प्रेक्षक मिळून एक संघ मानला जाई. पाहणाऱ्याला करणाऱ्याच्या बरोबरीने बसविणारा हा निर्णय मला फार समंजस वाटतो.

परंतु याच कॅमेऱ्याइतकी दुसरी कोणतीही वस्तू या मैदानावर संशयाने पाहिली जात नाही. हल्ली तो आगपेटीएवढा झाला आहे आणि प्रत्येक शिकाऊ तरुणास तो शिरस्त्राणावर हवा असतो. तरीही अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची शिफारस अशी आहे की, निदान २०० उड्या झाल्यावाचून कोणी कॅमेरा बांधू नये. कारणे दोन. पहिले यांत्रिक: बाहेर आलेले कोणतेही टोक दोरीस अडकू शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या कडा गुळगुळीत करतात, फटी चिकटपट्टीने बुजवितात, आणि अडकलेच तर एका ओढीत सारे शिरस्त्राण सोडून देण्याची सोय ठेवतात. छत्री उघडताना मान वाकडी असेल तर डोक्यावरील वजनाने ती जायबंदी होते, म्हणून हे चित्रकार सावकाश उघडणारी छत्री निवडतात आणि त्या क्षणी दृश्याचा मोह सोडून मान सरळ धरतात. याच न्यायाने सैल वस्त्राचीही त्यांना धास्ती असते. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी, ज्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि ज्यांना पुढे २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी लुगडे नेसून उडी घेतली, हे मी तेथील एका रिगरला सांगितले, तेव्हा त्याने कौतुकाचा शब्द उच्चारण्यापूर्वी विचारले की, नऊ वारांचे कापड मुठींवर आणि मुख्य छत्रीस बाहेर ओढणाऱ्या पायलट चूट या छोट्या छत्रीवर येऊ नये म्हणून त्यांनी ते कसे बांधले असेल? लुगडे नेसणाऱ्या स्त्रीला तिच्या अंगावरील प्रत्येक निरीची जागा ठाऊक असते, एवढेच मी त्याला सांगू शकलो. आणि ते त्याला पटले.

दुसरे कारण मनाचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. १९८८ च्या एप्रिलमध्ये उत्तर कॅरोलायनात आठशेहून अधिक उड्या केलेला एक चित्रकार शिक्षक-विद्यार्थ्याचे चित्रण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला. पाठीवर चित्रण-यंत्राचे ओझे होते आणि छत्री नव्हती. पाठीवरच्या ओळखीच्या भाराने, आणि काम नीट व्हावे या एकाग्रतेने, त्याला स्वतःचाच विसर पडला होता. तो निष्काळजी मनुष्य नव्हता. आपल्या कामात तो बुडून गेला होता. ही हकीकत पुतणीने मला परतीच्या वाटेवर नव्हे, तर मुद्दाम तिच्या रिगसमोर उभे करून सांगितली, आणि मग म्हणाली, "काका, कॅमेरा सगळ्यात शेवटी. आधी उंची, मग बाकीची माणसं, मग माझी छत्री, आणि त्यातून जागा उरली तर चित्र." तिच्या तोंडचे हे वाक्य मी भावाला जसेच्या तसे लिहून कळविले.

विमान आम्हांस घेऊन छत्र्यांच्या आधीच जवळजवळ जमिनीवर आले, त्यामुळे उतरण्याचा सोहळा मला खालून पाहता आला. सुमारे चार हजार फुटांवर चौघे पाठ वळवून चार दिशांस लांब जातात आणि चित्रकार मध्यभागीच राहून उघडतो, कारण इतरांना तो कोठे असेल हे आधी ठाऊक असले पाहिजे. लहरीने बाजूला सरकणारा चित्रकार कितीही कुशल असो, त्याच्याबरोबर कोणी उडत नाही. खाली आल्यावर जो प्रथम उतरेल त्याची दिशा तीच सर्वांची, मग वारा किंचित बदललेला असला तरी. सुमारे हजार फुटांवर वाऱ्याबरोबर, सहाशेवर आडवे आणि तीनशेवर वाऱ्यास सामोरे, असा विमानांसारखाच त्यांचा मार्ग. खालच्या छत्रीस पहिला हक्क, आणि त्या मार्गात गिरक्या घेणाऱ्यास कोणाचीही क्षमा नाही. त्या दिवशी एक पाहुणा उड्डाणवीर, पोशाखावरून बराच अनुभवी, सर्वांच्या विरुद्ध दिशेने उतरला. कोणी आरडाओरडा केला नाही. मैदानाची जबाबदारी असलेल्या बाई त्याच्याजवळ चालत गेल्या, त्याला सावलीत नेऊन बराच वेळ बोलल्या, आणि त्या दिवसापुरते त्याचे नाव पुढच्या फेरीतून वगळण्यात आले. त्यानेही हुज्जत घातली नाही. दुपारभर तो ओट्यावर बसून इतरांच्या पिना पाहत राहिला.

शेवटचे विमान उतरेपर्यंत मद्याचा थेंबही कोणी घेत नाही. त्यानंतर मात्र एक जुना दंड वसूल होतो: कोणतीही गोष्ट आयुष्यात प्रथमच केली, पहिली उडी, पहिली रात्रीची उडी, पहिले कॅमेऱ्यासह उडणे, की त्याने सर्वांस बिअरची पेटी द्यावयाची. पुतणीने नवीन शिरस्त्राण त्या दिवशी प्रथमच वापरले होते, म्हणून तिने पेटी आणली होती आणि पेटीबरोबर चिवड्याचा मोठा डबा. डबा आधी संपला.

संध्याकाळी एका लहान खोलीत पडद्यावर त्यांच्या सहाही उड्या एकामागून एक दाखविण्यात आल्या. चौघे जण आपापले हात कोठे चुकले, कोणाचा गुडघा उशिरा वळला याची निर्विकारपणे चिकित्सा करीत होते. चौथ्या उडीत एक रचना चौकटीच्या कडेस गेली आणि एक पकड अर्धवट दिसली. प्रशिक्षकाने चित्र थांबविले. पुतणी म्हणाली की, त्या क्षणी तिच्या कानातील उंचीमापकाने इशारा दिला आणि खाली दुसरा गट आहे असे तिला वाटले, म्हणून तिने मान वळवून पाहिले. खाली कोणी नव्हते. संघाचा तो गुण गेला होता आणि ते सारे तो गुण किती महत्त्वाचा आहे हे जाणत होते. प्रशिक्षकाने मान हलवून एवढेच म्हटले की, पाहिलेस ते योग्यच केलेस, आणि पुढची उडी लावली.

बाहेर पडताना ती रिगरच्या खोलीकडे वळली. तिच्या राखीव छत्रीची मुदत मंगळवारी संपत होती. रिगरने पत्रकावरील तारीख वाचली, शिशाची मोहर कापली, तिला समोर उभी करून डावी मूठ ओढावयास लावली, आणि पांढरी, नवीकोरी दिसणारी छत्री टेबलावर पसरून ती पुढच्या शनिवारी घेऊन जा, असे सांगितले.